शितावरून भात, तुकड्यावरून कोयता

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पिंपळी येते. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने काटेवाडीकडे जाते आणि दिवाळी उलटली की याच रस्त्याने भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. नीरा डावा कालवा या मुलखात १८८० च्या दशकात आला. पुढे हळूहळू ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस शिरला, आणि उसामागोमाग कोयता.

कोयता हे इथे हत्याराचं नाव आहे, तसंच माणसांचं मापही आहे. बीड, अहिल्यानगरकडून तोडीला टोळ्या येतात तेव्हा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी आला तर अर्धा. उचलही कोयत्यामागे ठरते. ज्या हत्याराच्या नावाने माणसाची मोजदाद होते ते हत्यार किती टिकतं, कसं मोडतं, मोडताना कुणाला इजा करतं, हे नीट समजून घ्यावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. त्यासाठी जगभर वापरला जाणारा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे पातं मुद्दाम मोडून पाहणं. त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हा या प्रकरणाचा विषय.

पिंपळीच्या शिवारात रस्त्याकडेला एका लिंबाखाली लोहाराचा भाता आहे. भाता म्हणायचा, पण कातडी भाता जाऊन तिथे आता विजेवर फिरणारा पंखा आला आहे. लोहारांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. भट्टी त्यांनी झाडाच्या दाट सावलीत मांडली आहे आणि वरून पत्रा टाकून आणखी अंधार केला आहे. लोखंड किती तापलं हे ते रंगावरून ओळखतात आणि उन्हात तो रंग फसवतो. उन्हात जो तांबूस दिसतो तो सावलीत चांगला लालभडक असतो.

दसऱ्याच्या सुमारास एकदा मी गेलो तेव्हा आप्पांनी भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आणले होते. आपल्याकडचे बरेचसे कोयते याच पाट्यांचे होतात. पाट्याचं पोलाद चांगलं असतं, त्यात कार्बन शेकडा अर्ध्या भागाच्या जरा वर असतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं. पण भंगाराला जन्मदाखला नसतो. कोणत्या गाडीचा पाटा, कोणत्या गिरणीतलं पोलाद, किती वर्षं खड्ड्यांत आपटलेलं, काही ठाऊक नसतं. म्हणून नवा पाटा आला की आप्पा आधी कोयता करत नाहीत. पाट्याच्या टोकाचे चार बोटं लांब असे दोन-तीन तुकडे छिन्नीने तोडून घेतात आणि त्यांची परीक्षा पाहतात.

पहिला तुकडा त्यांनी भट्टीत घातला, लाल होऊ दिला, सांडशीने उचलून पाण्यात बुडवला. चर्र झालं. मग तो वाईसमध्ये अर्धा आवळला, त्यावर ओलं गोणपाट टाकलं, मला मागे सरायला सांगितलं आणि हातोड्याचा एकच टोला दिला. तुकडा काचेसारखा मोडला. मोडलेला भाग हातात घेऊन आप्पा सावलीतून उन्हात आले आणि मोड माझ्यासमोर धरली.

"दाणा बघा."

मोड राखेच्या रंगाची होती, अगदी बारीक, जवळजवळ मखमली. मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि मला समजावं म्हणून मुद्दाम तो जास्त तापवला. रंग लालावरून नारिंगीकडे, तिथून पिवळ्याकडे गेला, तरी तो बराच वेळ तसाच ठेवला. मग पाणी, वाईस, गोणपाट, टोला. या वेळी मोड उन्हात चमचमत होती. कारखान्यातून पोत्यात भरून येते तशी साखर कुणीतरी त्या लोखंडात दाबून बसवावी, तसे दाणे.

"ही साखर कारखान्यात चांगली," आप्पा म्हणाले. "कोयत्यात आली की कोयता गेला."

पोलाद हे घट्ट चिकटलेल्या बारीक दाण्यांचं बनलेलं असतं. योग्य तापमानापर्यंत नेऊन थंड केलं तर दाणे बारीक राहतात. जास्त तापवलं, जास्त वेळ तापवलं, तर शेजारचे दाणे एकमेकांत विरघळून मोठे होतात. दाणा मोठा झाला की तड्याला वाट सोपी होते. दोन्ही तुकडे मोडण्याआधी हातात दिले असते तर मला फरक ओळखता आला नसता. कानस दोन्हींवरून सारखीच घसरली असती, कारण कडकपणा दोन्हींचा जवळपास सारखा होता. प्रयोगशाळेत रॉकवेल यंत्रावर हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने दाबून कडकपणा मोजतात. त्यानेही फार वेगळे आकडे दिले नसते. फरक होता तो पोटात, आणि पोट पाहायचं तर मोडावंच लागतं. मोडून पाहण्याची किंमत इथे आहे, आणि ती दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

तिसरा तुकडा आप्पांनी पाणी देऊन झाल्यावर विटेवर घासून चकचकीत केला आणि निखाऱ्याशेजारच्या तापल्या पत्र्यावर ठेवला. चकचकीत पृष्ठावर रंग चढू लागले. आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हे रंग पृष्ठावर बसणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे. पिवळा सुमारे २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. रंग हवा तसा आला की तुकडा बाजूला घ्यायचा. याला पाणी उतरवणं म्हणतात. नुसतं पाणी दिलेलं पोलाद कडक खरं, पण ठिसूळ. त्या अवस्थेतल्या पोलादाच्या रचनेला जर्मन धातुतज्ज्ञ अॅडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. उतरवताना थोडा कडकपणा जातो आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा येतो. तिसरा तुकडा वाईसमध्ये धरून ओढला तेव्हा तो वाकला, सोडल्यावर परत आला. आणखी ओढला तेव्हा वाकून तसाच राहिला, मोडला नाही.

कडक आणि चिवट हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि हत्यारांविषयीचे बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात. कडक पातं धार धरून ठेवतं, पण खड्यावर आपटलं की धारेची खपली उडते. चिवट पातं आपटण्याला पुरून उरतं, पण त्याची धार लवकर वळते. एकाच कोयत्यात दोन्ही भरपूर मिळत नाहीत. लोहाराचं कसब म्हणजे या दोहोंमध्ये कुठे थांबायचं हे कामावरून ठरवणं, आणि तो बरोबर थांबला का हे तुकडा मोडल्यावर कळतं.

मोडून पाहण्याची ही रीत फक्त लोहारापुरती नाही. घर बांधलेल्या प्रत्येकाने क्यूब टेस्ट ऐकलेली असते. स्लॅब ओततात त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरतात, २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि यंत्रात दाबून फोडतात. घरातला गॅसचा सिलिंडर बनतो तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये पाणी भरून दाब देऊन पाहतात, आणि प्रत्येक खेपेतले काही सिलिंडर फुटेपर्यंत दाब वाढवत नेतात. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर बी-२७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती पुढच्या तपासणीची तिमाही, म्हणजे एप्रिल ते जून २०२७. ती तपासणी दाबाची, न फोडता करायची. फुटलेला सिलिंडर तुमच्या घरी कधीच येत नाही. त्याची भावंडं येतात.

सगळी मेख या भावंडांत आहे. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. ती परीक्षा खरी ठरते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एक शीत दाबलं की बाकीच्या हजारांविषयी बोलता येतं. कोयत्याचं तसं नाही. आप्पांचा प्रत्येक कोयता भट्टीत वेगळा जातो. सकाळचा कोळसा वेगळा, दुपारचा वेगळा. एखाद्या वेळी फोन वाजतो आणि पातं दोन मिनिटं जास्त तापतं. एक पातं आतून साखरेसारखं झालं म्हणून शेजारचं तसंच असेल असं नाही, आणि एक चांगलं निघालं म्हणून शेजारचं चांगलं असेल असंही नाही. एका पातेल्यातली शितं आणि एका खुंटीला टांगलेले कोयते यांत हा फरक आहे. तुकडा मोडून आप्पांना पाट्याविषयी नक्की कळतं, स्वतःच्या हाताविषयी बरंच कळतं, पण अमुक एका कोयत्याविषयी जे कळतं ते अंदाजानेच.

या अंदाजाची किंमत आकड्यांत मांडून पाहू. समजा कोयत्यांचा मोठा ढीग आहे आणि त्यात दर दहात एक कोयता आतून बिघडलेला आहे. डोळे मिटून एक उचलला आणि मोडून पाहिला, तर तो चांगला निघण्याची शक्यता शंभरात नव्वद. म्हणजे ढीग बराच वाईट असला तरी एका कोयत्याची परीक्षा बहुतेक वेळा "सगळं ठीक" असंच सांगणार. दहा मोडले तर? दहाच्या दहा चांगले निघण्याची शक्यता शंभरात पस्तीस. तीस मोडले आणि तिसांत एकही वाईट निघाला नाही, तर ती शक्यता शंभरात चारवर येते आणि दहात एक इतकी खोट या ढिगात नसावी असं जरा धीराने म्हणता येतं. शंभरात एकाच्या वर खोट नाही असं तितक्याच धीराने म्हणायचं तर जवळपास तीनशे कोयते मोडावे लागतील. आप्पा एका हंगामात किती कोयते करतात हे पाहिलं की कळतं, या वाटेने गेलं तर विकायला काही उरणारच नाही.

एखादं पातं हातोड्याने बडवून, विटेवर आपटून, वाईसमध्ये वाकवून "हे पातं अजिंक्य आहे" असं कुणी दाखवलं, तर पाहणाऱ्याने हा हिशेब मनात धरावा. न मोडलेला एक कोयता फार थोडं सांगतो. मोडलेला एक कोयता मात्र पुष्कळ सांगतो, कारण त्याची मोड पाहता येते. तडा कुठून सुरू झाला, दाणा कसा होता, धारेकडून गेला की पाठीकडून, हे त्या मोडीत लिहिलेलं असतं.

एका परीक्षेत हे सगळं मोठ्या विचाराने बसवलेलं आहे. अमेरिकेत १९७६ साली पाती घडवणाऱ्या लोहारांची एक संस्था स्थापन झाली, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिच्या पहिल्या पायरीची परीक्षा अशी: उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग दोन इंची फळी दोनदा तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी सुरी वाईसमध्ये धरून काटकोनात वाकवायची. तिचे मोडून दोन तुकडे होता कामा नयेत. परीक्षा संपते तेव्हा सुरीही संपलेली असते. प्रमाणपत्र मिळतं ते लोहाराला, त्याच्या हाताला. ही परीक्षा सुरीची असल्याचा आव आणत नाही, म्हणून ती मला प्रामाणिक वाटते.

क्रमही नीट लावलेला आहे. वाकवणं शेवटी आहे, कारण वाकवलेल्या पात्याच्या धारेविषयी पुढे काही बोलता येत नाही. आधी विटेवर आपटून मग दोर तोडायला लावलं तर दोराची परीक्षा होणार नाही, विटेने काय केलं याचीच होईल. पातं प्रत्येक परीक्षेतून थोडं बदलूनच बाहेर येतं.

पण या परीक्षेतही एक खोच आहे आणि ती लोहारच सांगतात. काटकोनात न मोडता वाकायचं असेल तर पात्याची पाठ मुद्दाम मऊ ठेवावी लागते. कामाला उपयोगी पातं इतकं मऊ असायलाच हवं असं नाही. म्हणजे परीक्षेत पास होणारी सुरी घडवता येते आणि तिचं रोजच्या वापराशी नातं सैल असू शकतं. दहावीच्या पेपरपुरता अभ्यास केल्यासारखं हे आहे.

मोडून पाहण्याची मर्यादा कळावी म्हणून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, आणि तिची सुरुवात मुंबईत होते. १७९४ साली मुंबईतले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदी पोलादाच्या काही वड्या पाठवल्या. या पोलादाला तिकडे 'वुट्झ' म्हणू लागले. तो शब्द कन्नड 'उक्कु'वरून आला असावा असं मानतात. पुढच्या वर्षी, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन यांनी त्या वड्यांवरचे प्रयोग छापले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनलेलं म्हटलं आहे. खरं तर या मुशीतल्या पोलादाच्या भट्ट्या दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात होत्या. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाची चाकूची पाती घडवली आणि ते इतकं पसंत केलं की युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते सरस असल्याचं आपल्या दुकानाच्या कार्डावर छापलं.

वड्या फोडल्या, घडवल्या, तेजाबात विरघळवल्या, तरी हे पोलाद इतकं चांगलं का, हे कोडं सुटेना. मग त्यात मायकेल फॅरडे उतरले. विजेचे फॅरडे ते हेच, आणि ते लोहाराचे चिरंजीव होते. १८१९ मध्ये त्यांनी वुट्झचं विश्लेषण प्रसिद्ध केलं आणि पोलादाचा गुण त्यातल्या सिलिका व अॅल्युमिनामुळे असावा असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा होता. फॅरडेंसारखा निरीक्षक, समोर खरा तुकडा, तरी उत्तर चुकलं, कारण तुकडा फोडून काय हाती येतं हे तुमच्याकडे त्या वेळी पाहण्याची साधनं कोणती आहेत यावर ठरतं.

याच गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त भिडतो. १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री मोझर यांच्या संग्रहातल्या, अशाच मुशीतल्या पोलादाच्या काही जुन्या दमास्कस तलवारी त्शोके नावाच्या संशोधकाला कापून तपासण्यासाठी देण्यात आल्या. संग्रहातली तलवार कापायला देणं म्हणजे काय हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. कापलेल्या तलवारींचे उरलेले भाग बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवले गेले. सत्तर वर्षांनी, १९९० च्या दशकात, अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांना त्याच तलवारींचे नमुने मिळाले. नव्या तपासणीत त्यांत व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी कणभर अंश दिसला आणि या तलवारींच्या पात्यांवर दिसते त्या नक्षीचं कारण उलगडलं. पातं मोडायचंच असेल तर तुकडे टाकू नयेत. आज न दिसलेलं उद्या कुणाला तरी दिसतं.

आता पिंपळीच्या फडात जाऊ, कारण कोयत्याचं खरं आयुष्य तिथे जातं आणि ते हातोड्याच्या टोल्याशी फार थोडं जुळतं.

साधा हिशेब करू. एक जोडी दिवसाला दीड टन ऊस तोडते असं धरलं आणि सोललेला ऊस सव्वा किलोचा धरला, तर दिवसाला बाराशे ऊस झाले. प्रत्येकाला बुडाशी एक घाव आणि शेंड्याला एक घाव, म्हणजे चोवीसशे घाव. हंगाम १२० दिवसांचा धरला तर पावणेतीन लाखांच्या वर घाव. त्यातला एकही घाव कोयता मोडण्याइतका जोरदार नसतो. हातोड्याचा एक टोला आणि लाखो हलके घाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर हेच दाखवलं होतं: एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर आस तुटतो. धातू थकतो. आज मोडून पाहिलेला कोयता उद्याच्या थकव्याविषयी फारसं बोलत नाही.

आणि बुडाशी घाव कुठे बसतो? उसाचा गोडवा बुडख्यात जास्त, शिवाय खोडवा चांगला फुटावा म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. म्हणजे धार मातीत जाते. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, कालव्याच्या गाळासोबत आलेली वाळू असते. वाळूतली गारगोटी पाणी दिलेल्या पोलादापेक्षाही कठीण. उसाच्या पानातही सिलिका असते. पाचटात हात घातला की अंगावर ओरखडे उठतात ते तिच्या बारीक दातांमुळे. फडातला कोयता मोडण्याआधी झिजतो, आणि बहुतेक कोयते मोडून जात नाहीतच, सहाणेवर घासून घासून संपतात.

झिजेची परीक्षाही आहे. शेफील्डच्या एका संशोधन संस्थेने बसवलेल्या यंत्रात पातं उलटं धरून, धारेवर वाळूचे कण मिसळलेल्या कागदाचा गठ्ठा ठेवून पुढे-मागे चालवतात आणि दर खेपेला किती कागद कापला जातो ते मोजतात. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची तुलना करायला ती चांगली. कोयत्याला तिचा उपयोग थोडा.

हातोड्याच्या टोल्याची दुसरी अडचण म्हणजे टोला मोजलेला नसतो. आप्पांचा टोला आणि माझा टोला सारखा नाही, आणि आप्पांचा सकाळचा व संध्याकाळचाही नाही. ही अडचण शार्पी यांच्या यंत्राने सोडवली. फ्रेंच अभियंते जॉर्ज शार्पी यांनी १९०१ च्या सुमाराला ती रीत पक्की केली. ठरावीक उंचीवरून सोडलेला लंबक नमुना तोडून पलीकडे जातो. किती वर गेला त्यावरून तोडायला किती ऊर्जा लागली ते कळतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मुलं हा प्रयोग करतात. पण त्याला नमुना लागतो १० मिलिमीटर चौरस, ५५ मिलिमीटर लांब, मधे २ मिलिमीटरची खाच. कोयत्याची पाठ याच्या निम्मीही जाड नसते. पातळ नमुन्यांवर असा प्रयोग करता येतो, पण त्याचे आकडे जाड नमुन्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

मग प्रत्येक कोयत्यासाठी काय करायचं? आप्पांकडे त्याचंही उत्तर आहे आणि ते मोडण्यापेक्षा सौम्य आहे. पाणी दिल्यावर ते धारेवरून कानस फिरवतात. घसरली तर पाणी धरलं. धार काढल्यावर ती पितळेच्या सळईवर टेकवून हलकेच दाबतात. सळईच्या दाबाने धार किंचित लवते आणि दाब काढला की परत सरळ होते. लवून तशीच राहिली तर पाणी जास्त उतरलं, खपली उडाली तर कमी उतरलं. मग कोयता पाठीवर टिचकीने वाजवतात. तडकलेल्या पात्याचा आवाज तडकलेल्या मडक्यासारखा बद्द येतो. या तीन गोष्टी गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक कोयत्यावर करता येतात. त्यांतून पोटातला दाणा दिसत नाही, पण तेवढ्यासाठी पाट्याचा तुकडा आधीच मोडलेला असतो. मोडणं तुकड्याचं, तपासणी प्रत्येकाची, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. काँक्रीटच्या ठोकळ्यामागे आणि सिलिंडरच्या पट्टीमागेही हीच आहे.

कोयता मोडला तर कसा मोडतो, हे तो मोडतो का याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. वाकणारा कोयता तोडकऱ्याचा दिवस खराब करतो. तुकडा उडणारा कोयता समोर मोळी बांधत बसलेल्या बाईचा डोळा घेऊ शकतो. म्हणून आप्पा कोयत्याचं पाणी धारेपाशी थोडंच कडक आणि पाठीकडे नरम ठेवतात. त्यासाठी ते धार थोडा वेळ सहाणेवर जास्त घासावी लागेल हेही पत्करतात. टिकाऊपणाचा एखादा आकडा यात कमी पडेल, तो पडू द्यावा. हे प्रयोग वाचून कुणी घरची सुरी वाईसमध्ये धरून पाहणार असेल तर त्याला एवढंच सांगतो की गोणपाट आणि डोळ्यांवर चष्मा यांच्याशिवाय आप्पाही टोला देत नाहीत.

त्या हंगामात जानेवारीत मी भात्यावर बसलेलो असताना टोळीतली एक बाई आली. ओढणीसारखा मफलर डोक्याला गुंडाळलेला, हाताला पाचटाचे ओरखडे. तिने पदरातून कोयत्याचे दोन भाग काढून ऐरणीवर ठेवले. कोयता दुसऱ्या कुठल्या तरी लोहाराचा होता, तिकडूनच आणलेला.

"मामा, नीट होईल का हो हा? कालच मोडला. गडी म्हणतो खड्यावर बसला."

आप्पांनी मोड उन्हात धरली. मी शेजारी गेलो. मोडीचा नखाएवढा भाग गंजून तांबूस काळा झालेला होता आणि बाकीची मोड स्वच्छ, राखाडी. तांबूस भाग मुठीजवळच्या कोपऱ्यात होता, जिथे पातं अरुंद होऊन मुठीत शिरतं. तो कोपरा कानशीने काटकोनात कापलेला होता, टोकदार.

"काल नाही मोडला ताई," आप्पा म्हणाले. "आठ-दहा दिवस झाले असतील चीर पडून. दव लागून गंजली आतून. काल नुसता सुटला."

बाईने तो डाग बोटाने चाचपून पाहिला. लाखभर घावांची परीक्षा तिच्या घरच्यांनी घेतली होती, रोज पहाटेपासून, आणि तिचं उत्तर त्या डागात होतं. कुठल्याही प्रयोगशाळेला ते मिळालं नसतं. पाणी ठीक होतं, दाणा बारीक होता. चूक कोपऱ्याची होती. वाकण्याचा सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यात गोळा होत होता आणि तिथूनच चीर निघाली.

असे मोडलेले कोयते दर हंगामाला शेकड्यांनी निघत असतील. त्यांच्या मोडी कुणी पाहत नाही. भंगारवाला तोलून घेतो, मुकादम नव्याचे पैसे उचलीतून कापतो. हत्याराच्या टिकाऊपणाचं इतकं मोठं, इतकं महाग ज्ञान दरवर्षी भंगारात जातं, आणि त्याची किंमत ज्यांनी दिलेली असते त्यांना त्यातलं काहीच परत मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आप्पांनी जोड देणार नाही म्हणून सांगितलं; मुठीजवळ जोड टिकत नाही. तिला खुंटीवरचा तयार कोयता दिला आणि मोडक्याचं रुंद पातं ठेवून घेतलं, खुरपं करायला. ते किमतीतून वजा केलं. मोडीचा बोटभर तुकडा मात्र त्यांनी छिन्नीने वेगळा तोडून घेतला आणि भट्टीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात तसे बरेच होते.

ती गेल्यावर त्यांनी खुंटीवरचे राहिलेले सात कोयते खाली काढले. गोल कानस घेतली आणि पहिल्याच्या मुठीजवळचा कोपरा घासायला बसले. कोपरा आधीही फार टोकदार नव्हता. त्यांनी तो अंगठ्याच्या पेराएवढा गोल केला, अंगठा फिरवून पाहिला आणि दुसरा हातात घेतला.